गॅसचा नंबर

लक्ष्मम्मा : न्हाई गं, त्योच हाय. हातात धरून बघ की. ही बघ कडी, ह्ये झाकण.

रेणुका : धरून बघितला, आत्या. चांदीचा आहे, नवा आहे, सगळं खरं. पण हा अंजूच्या लिंगाचा चौका नाही.

लक्ष्मम्मा : गहाण होता, सोनाराकडून सोडवून आणलाय माझ्या संगूनं. पॉलिश केलंय म्हणून तुला येगळा दिसूलालाय.

रेणुका : पॉलिशनं दाताचे वण जातात का? अंजूला दात येऊन राहिले होते तेव्हा ती दिवसभर गळ्यातला चौका चावत बसायची. एका कोपऱ्याला चार वण पडले होते. तिच्या गळ्यात लिंग बांधलं त्या दिवशी माझ्या बाबांनी कंधारच्या सोनाराकडून करून आणला होता तो. मी सहा वर्षं रोज पुसलाय. अंधारात हातात दिला तरी ओळखीन.

लक्ष्मम्मा : पिठावर फडकं टाक गं, कोरडं पडूलालंय.

रेणुका : आत्या.

लक्ष्मम्मा : माझा हाय.

रेणुका : काय?

लक्ष्मम्मा : माझा चौका मोडला आन त्येचाच ह्यो लहान करून घेतला. अंजूचा काय आता घावत न्हाई. सोनार मनला, कवाच आटवला.

रेणुका : मग तुमचं लिंग?

लक्ष्मम्मा : हे काय, गळ्यातच हाय. कापडात बांधलंय. शिवाला काय थंडी वाजती का चांदी नसली तर?

रेणुका : म्हणजे त्यांनी काही सोडवून आणलं नाही. त्यांनी सांगितलं का तुम्हाला असं बोलायला?

लक्ष्मम्मा : न्हाई गं बाई, त्येला ठावंच न्हाई ह्यातलं. मीच आपलं बसमधी ठरवले, असं सांगावं मनून.

रेणुका : बघा आता. ते खोटं बोलायच्या आधीच तुमी त्यांच्या वाटचं बोलून मोकळ्या होऊन राहिलात.

लक्ष्मम्मा : सवय लागती. आन मला लाटणं दे इकडं. किती पोरींचा स्वयपाक असतोय तुला?

रेणुका : चाळीस. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. सगळ्या क्लासच्या पोरी, डॉक्टर व्हायला आलेल्या. चार पोळ्यांचा डबा म्हणजे चारच पाहिजेत, एक कमी पडली तर आईला फोन. राहू द्या, आत्या, तुमी प्रवासातनं आलात. चहा ठेवते.

लक्ष्मम्मा : उदगीर ते लातूर काय परवास हाय? तू उंडे करून दे, मी लाटते. हात रिकामा असला की मला बोलता येत न्हाई.

रेणुका : बोला मग. कशाला आलात ते.

लक्ष्मम्मा : उद्या तारीख हाय मनं.

रेणुका : हाव. अर्ज करून सहा महिने झाले. उद्या अकरा वाजता कोर्टात दोघांनाही विचारणार, अजून घटस्फोटच पाहिजे का म्हणून. दोघंही हो म्हणालो, सही केली, की संपलं.

लक्ष्मम्मा : तू न्हाई मन.

रेणुका : एवढ्या सोप्यानं?

लक्ष्मम्मा : ऐकून तर घे. त्यो आता त्यो ऱ्हायला न्हाई. मोठा मोबाइल टाकला त्यानं. साधा घेतलाय, बटणाचा, माझ्यासारका. मठात गेला, अय्या स्वामींच्या समोर बसला, हातावर लिंग घेतलं आन मनला, ह्याच्या पुढं पत्ते न्हाईत, क्रिकेट न्हाई, काई न्हाई. मी सोताच्या डोळ्यानं बघितले.

रेणुका : हातावर लिंग तर अंजू पोटात असतानाही घेतलं होतं. मी समोर बसले होते. आठ दिवस टिकलं.

लक्ष्मम्मा : तवाची गोष्ट येगळी. आता तर सरकारनंच बंद केलंय ते पैशाचं खेळणं. कायदा आलाय. टीव्हीवर सांगितले. दारूचं दुकानच बंद झाल्यावर पिणारा जाणार कुठं, तसंच हे.

रेणुका : आत्या, तुमच्या गल्लीत मटक्याचं दुकान कधी चालू होतं का? बोर्ड लावून?

लक्ष्मम्मा : न्हाई.

रेणुका : पण मटका होता ना?

लक्ष्मम्मा : तू लई बोलायला शिकलीस गं लातुरात येऊन.

रेणुका : तिथं बोलले असते तर इथं यायची पाळी आली नसती. आत्या, पोळी जाड होऊन राहिली.

लक्ष्मम्मा : जाडच खावी. पोरींची वाढायची वयं हायत.

रेणुका : मला तुमच्यावर राग नाही. पण तुमी सगळे म्हणता, झालं गेलं विसर. काय काय विसरू, ते एकदा सांगा. शिरूरच्या त्या माणसाला विसरू?

लक्ष्मम्मा : त्येचं नाव काढू नगं.

रेणुका : का नको? माणसानं पोरीच्या लग्नाची सगळी भांडी आपल्या दुकानात ठरवली. पैसे आधी यांच्याकडं दिले, ते खेळात गेले. हळदीच्या दिवशी टेम्पो घेऊन दारात उभा. दुकानात एक तांब्या नाही त्याच्या नावाचा. तुमचा मुलगा फोन बंद करून कुठं बसला होता, शिवालाच ठाऊक. मामंजी त्या माणसाच्या पाया पडले. सत्तर वर्षांचा माणूस, भर बाजारात.

लक्ष्मम्मा : तूच सांभाळलीस तवा. मी काय इसरले न्हाई.

रेणुका : मी काय केलं? माळ्यावरची माझी रुखवताची भांडी काढून दिली. घागर, कळशी, पराती, सगळी. आईनं एकेक जोडलेली. आणि प्रत्येकावर नाव घातलेलं, रेणुका म्हणून. खोडायला वेळ नव्हता. त्या पोरीच्या रुखवतात माझ्या नावाची भांडी मांडली गेली. ती अजून शिरूरला माझ्या नावाच्या कळशीनं पाणी भरत असेल. तिच्या सासूनं विचारलं असेल ना, ही रेणुका कोण म्हणून?

लक्ष्मम्मा : त्याच दिवशी मालकांनी पेपरात दिलं.

रेणुका : हाव. गुरुपादप्पा मिठारे यांचा मुलगा संगमेश्वर त्यांच्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये, केल्यास जबाबदार राहणार नाही. अंजूनं वाचलं ते. नवीनच वाचायला शिकली होती. म्हणाली, मम्मी, पप्पांचं नाव पेपरात आलंय, पहिला नंबर आला का?

लक्ष्मम्मा : शिवा शिवा.

रेणुका : आणि मला खरं भ्या वाटायचं ते हरले त्या दिवशी नाही. हरले की गुपचूप येऊन झोपायचे. जिंकले की भ्या वाटायचं. मिठाई आणायचे, गजरा आणायचे, अंजूला खांद्यावर घेऊन नाचायचे. सगळं घर हसायचं. मी पण हसायचे, आणि हसता हसता कपाटाची किल्ली कमरेला खोचायचे. कारण जिंकलेलं घरी राहायचं नाही. आपलं घेऊनच परत जायचं.

लक्ष्मम्मा : मंग तू मन पक्कं केलीस.

रेणुका : नाही.

लक्ष्मम्मा : आँ?

रेणुका : पक्कं असतं तर तुमच्याशी एवढं बोलले असते का? काल मी वकीलबाईंना फोन केला. विचारलं, उद्या मी नाही म्हटलं तर काय होईल.

लक्ष्मम्मा : काय मनल्या त्या?

रेणुका : म्हणाल्या, काही नाही, अर्ज निघून जाईल, तुम्ही नवरा-बायकोच राहाल. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, रेणुकाताई, सहा महिन्यांनी परत माझ्याकडं येऊ नका.

लक्ष्मम्मा : तिला काय ठावं? तिचं लग्न झालंय का?

रेणुका : आत्या, ते दर रविवारी येतात इथं. तुमाला ठाऊक आहे ना? अंजूला भेटायला म्हणून. मागच्या रविवारी इथं पायरीवर बसून दहा किलो बटाटे सोलले. मेसच्या पोरींना हसवून हसवून वेडं केलं. एक पोरगी मला म्हणाली, काकू, काका किती छान आहेत. मी आत गेले आणि रडले. मला ते आवडत नाहीत असं कुठं आहे? तसं असतं तर कधीच सुटले असते मी.

लक्ष्मम्मा : मंग झालं तर. माझी लेक ती. उद्या न्हाई मन, परवा अंजूचा दाखला काढू, सोमवारी उदगीरला. मालकांना मी बघते. (फोन वाजतो.) त्येचाच हाय. बघ, मनातलं ओळखतोय.

रेणुका : घ्या. हाताला पीठ आहे तुमच्या. थांबा, मी बटण दाबते. स्पीकरवर टाकलाय.

संगमेश्वर : अव्वा! पोचलीस का? वाटंत जेवलीस का? गोळी घेतलीस का?

लक्ष्मम्मा : सगळं केले. रेणुकाजवळ बसलेव. बोल तिच्याशी.

संगमेश्वर : मेसच्या मालकीणबाईंशी काय बोलावं बाबा आपण? एक डबा जास्तीचा मिळंल का विचार.

रेणुका : ऐकून राहिले मी.

संगमेश्वर : रेणू, मी अव्वाला काही सांगून पाठवलं नाही, हां. तीच म्हणाली जाते. मी उद्या येतो. तू सही म्हणलीस तर सही. नको म्हणलीस तर तुझी, अंजूची पिशवी मी उचलीन. माझ्याकडून जोर नाही. मी चुकलो, तू भोगलीस, आता तू म्हणशील तसं.

रेणुका : तुमी जेवलात का?

संगमेश्वर : आता जेवतो. तू विचारलीस, आता जेवण गोड लागंल.

लक्ष्मम्मा : बघितलीस का, कसा बोलतोय!

संगमेश्वर : अव्वा, एक काम होतं. तुझ्या मोबाइलवर गॅसचा नंबर येतोय बघ आता. सहा आकडे. तेवढे वाचून दाखव पटकन.

लक्ष्मम्मा : आत्ता? परवाच तर वाचले की.

संगमेश्वर : ते बुकिंगचं होतं. हा दुसरा. आला का? टुन वाजलं बघ.

लक्ष्मम्मा : वाजलं खरं. पर चष्मा इसरलेव रे मी. रेणुकाला वाचायला लावते.

संगमेश्वर : तिला कशाला? तिच्या हाताला पीठ असंल. तूच बघ, जरा लांब धरून बघ.

लक्ष्मम्मा : लांबून तर काईच दिसत न्हाई. ती पुसूलालीय हात. वाच गं, बाई. सगळं वाच, वरलं बी.

संगमेश्वर : वरचं काही नसतंय, जाहिरात असती. नुसते आकडे सांग. रेणू? आकडेच सांग फक्त.

रेणुका : वर गॅस लिहिलेलं नाही.

संगमेश्वर : कंपनीचं नाव येगळं असतंय त्याच्यावर.

रेणुका : बँकेचं नाव आहे. आत्यांच्या खात्यातून चाळीस हजार जाणार, त्याचा नंबर आहे हा. खाली लिहिलंय, कोणालाही सांगू नका. बँकेलासुद्धा सांगू नका.

संगमेश्वर : आँ, हां, ते दुकानाच्या मालाचं. सोलापूरच्या व्यापाऱ्याला द्यायचेत. अव्वाला ठावं हाय ते. हाय ना गं अव्वा?

लक्ष्मम्मा : मालकांनी तर तुला दुकानात पाय ठेवायला बंदी केलीय, बाळा.

संगमेश्वर : म्हणून तर गुपचूप करावं लागतंय! अप्पांना दाखवायचंय, माझं मी उभं करतो म्हणून. रेणू, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. उद्या तू आलीस तर हातात काहीतरी पाहिजे ना माझ्या? सांग, पाच मिनिटं असतेत फक्त.

रेणुका : बटणाच्या मोबाइलवर असले पैसे पाठवता येतात?

संगमेश्वर : मित्राचा घेतलाय.

रेणुका : कोणत्या मित्राचा?

संगमेश्वर : आता मित्राचं आधार कार्ड दाखवू का तुला? अव्वा, तू घे फोन. तिला राहू दे. अव्वा, दोन मिनिटं राहिलीत. परत टाकायला लागतंय सगळं. वाच.

लक्ष्मम्मा : संगू...

संगमेश्वर : अगं वाच म्हणलं ना! समोरचा थांबतोय का तुझ्यासाठी? एकदा, हे एकदा, सगळं मागचं निघतंय ह्याच्यात. अव्वा! सहा आकडे वाचायला काय मरण येतंय का तुला?

लक्ष्मम्मा : नंबर आलाच न्हाई, बाळा.

संगमेश्वर : आत्ता ती म्हणली आलाय म्हणून!

लक्ष्मम्मा : न्हाई आला. जेवून घे तू. शिंकाळ्यात भाकरी हाय. बंद कर गं, रेणुका. कुठलं बटण हाय? बंद कर.

रेणुका : केला.

लक्ष्मम्मा : पोळी करपली बघ तव्यावरली.

रेणुका : करपू द्या. आत्या, पाणी घ्या. बसा इथं भिंतीला टेकून.

लक्ष्मम्मा : माझ्यावर कवा वरडत न्हाई त्यो. लहानपणापासनं न्हाई. आवाज बघितलीस का त्येचा? दुसऱ्याच कुणाचा वाटला.

रेणुका : मी ऐकलाय तो आवाज आधी. तुमी आज ऐकलात. पिशवीत काय शोधून राहिलात? थांबा, मी देते. रुमाल का? आत्या, चष्मा तर इथंच आहे.

लक्ष्मम्मा : हाय.

रेणुका : विसरला नव्हता?

लक्ष्मम्मा : न्हाई.

रेणुका : मग मला वाचायला का दिलं?

लक्ष्मम्मा : मला आकडे वाचता येतेत, बाई. वरलं इंग्रजी येत न्हाई. मागल्या महिन्यापासनं मनात येऊलालं, कुणाला तरी वरलं वाचायला लावावं. मालकांना दाखवलं तर त्यो घराभाईर जाईल. शेजारणीला दाखवलं तर गावभर. उरलीस तू एकली.

रेणुका : म्हणजे तुमाला ठाऊक होतं.

लक्ष्मम्मा : घरात माणसं तीन. सिलेंडर दीड महिना पुरतंय. आन नंबर ह्या महिन्यात अकरा येळा आला. एक नंबर वाचला की चुलीमागल्या भिंतीला इभूतीचं एक बोट लावायची मी, दुधाच्या रतिबाला लावतेत तसं. अकरा बोटं झाली तवा भिंतीकडं बघवंना. मी शाळा शिकले न्हाई गं, पर अकरा सिलेंडर कुठं ठिवलेत एवढं तर मला इचारता येत होतं. इचारले न्हाई.

रेणुका : पैसे कोणते होते ते?

लक्ष्मम्मा : भावानं दिलते, माहेरच्या वाटणीचे. अंजूच्या नावानं करावं मनून ठिवलते. राहिलं असंल त्यातलं थोडं, न्हाई राहिलं तर न्हाई.

रेणुका : आणि हे सगळं मनात ठेवून तुमी मला न्यायला आलात?

लक्ष्मम्मा : व्हय.

रेणुका : का, आत्या? तुमच्या पोटच्या पोरीला नेलं असतं का असं?

लक्ष्मम्मा : न्हाई नेलं असतं. तू आलीस तर माझ्याऐवजी तू बघशील त्येला, असं वाटलं. मी थकले, रेणुका. रोज त्येच्या तोंडाकडं बघून वळखायचं, आज काय गेलं मनून. त्यात वाटेकरी पाहिजे होता मला. आन दुसरं मन मनत होतं, तिला दाखीव आन मोकळी कर. बसमधी एक मन अहमदपूरच्या फाट्यापस्तोर निघालं, एक मन उदगीरलाच राहिलं.

रेणुका : एक विचारू? नऊ वर्षं विचारायचं होतं. लग्नाच्या आधी ठाऊक होतं का तुमाला?

लक्ष्मम्मा : कामून इचारतीस आता?

रेणुका : मला हे कळल्याशिवाय उद्या जाता येणार नाही.

लक्ष्मम्मा : ठावं होतं.

रेणुका : किती?

लक्ष्मम्मा : सगळं. तवा मटका होता, मोबाइल नव्हता. माझ्या पाटल्या त्यातच गेल्या. उदगीरात सगळ्यांना ठावं होतं. निलंग्याला दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्हीकडनं निरोप आला की पोरगी लहान हाय. म्हणून तर जिल्हा वलांडून तुझ्या गावापस्तोर आलो. तिकडं आमाला कोण वळखतंय?

रेणुका : बाबा सगळ्यांना सांगायचे, उदगीरची माणसं एवढ्या लांबून माझ्या पोरीसाठी चालत आली. देवळात नारळ फोडला त्यांनी. मरेपर्यंत सांगायचे, आत्या. लांबून आले, लांबून आले.

लक्ष्मम्मा : मला मार, शिव्या दे, काय करायचं ते कर.

रेणुका : मला काही करायचं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडून राहिलं. मी गोड बोलले असते, मी भांडले असते, मी नोकरी केली असती. रात्र रात्र तेच. आणि ते माझ्या आधीपासनंच होतं.

लक्ष्मम्मा : तुझं काईच कमी पडलं न्हाई. तू भांडी दिलीस, वय दिलीस. आनखी काय देणार माणूस?

रेणुका : मी उद्या सही करणार.

लक्ष्मम्मा : कर.

रेणुका : खरं म्हणता?

लक्ष्मम्मा : खरं मनते. चौका मातुर अंजूच्या गळ्यात राहू दे. आजीचा हाय मनून सांग. बापानं सोडवला, असं सांगू नगंस.

रेणुका : तुमी आज इथंच राहा. राहूनच जा, आत्या. अंजू पाच वाजता येते शाळेतून. मला या कामात माणूस लागतंच. उद्या कोर्टातनं बँकेत जाऊ, तो नंबर बंद करू, कार्ड बंद करू. परत जाऊ नका तिकडं.

लक्ष्मम्मा : मालकांनी पेपरात दिलं, सुटले. तू कोर्टात जाणार, सुटशील. आईनं कुठं जावं, सांग की. आईला सोडचिठ्ठी देत असतील तर मीबी अर्ज करते.

रेणुका : राग काढतील ते तुमच्यावर. आत्ता नंबर नाही सांगितला म्हणून.

लक्ष्मम्मा : काढंल. आन मंग रडंल. आन मंग मनंल, उद्या मी जातच न्हाई कोर्टात. म्हणूनच मला साडेचारची गाडी गाठायची हाय. मी गेले न्हाई तर त्यो उद्या येणारच न्हाई, आन तू लटकून ऱ्हाशील.

रेणुका : त्यांनी नाही म्हटलं तर माझा अर्ज पडतो, आत्या. दोघांची सही लागते.

लक्ष्मम्मा : त्येच तर मनूलाले. सकाळच्या पयल्या गाडीनं घेऊन येते त्येला. मनते, सही केलास तर माझ्या घरात भाकरी, न्हाई तर न्हाई. भाकरी बंद करीन असं आजवर कवा मनले न्हाई. उद्या मनते. सही होवूस्तोर दंडाला धरून बसते.

रेणुका : जमेल तुमाला?

लक्ष्मम्मा : ठावं न्हाई. कोर्टात आतल्या खोलीत बाकडी कशी असतेत?

रेणुका : दोन बाजूंना दोन. एकीकडं मी, एकीकडं ते. का?

लक्ष्मम्मा : मला त्येच्या बाजूलाच बसावं लागंल मनून इचारले. मी न्हाई बसले तर त्येच्याकडं कोणच न्हाई.

रेणुका : बसा, आत्या. मला काही वाटणार नाही.

लक्ष्मम्मा : पर तू माझ्याकडं बघू नगंस. सरळ समोर बघ. तू बघितलीस तर मी उठून तिकडं येईन.